धोटे मॅडमचा अर्धा बगीचा

अकोल्यातल्या एका अनुदानित शाळेत रूपाली धोटे एकोणीस वर्षांपासून इंग्रजी शिकवते. दर हिवाळ्यात, वरूडची संत्री बाजारात आली की ती सहावीच्या वर्गाचा एक अख्खा तास एकाच क्रियापदाला देते. ते पुस्तकात असो वा नसो. टेबलावर एक संत्रं, एक चाकू, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत हाफचं क्रियापद: हाव्ह. मधला एल लिहायचा, पण बोलायचा नाही, हे आधी दोनदा बजावून होतं.

"कट म्हणजे नुसतं कापणं," ती सांगते. "कसंही कापा. डिव्हाइड म्हणजे भाग करणं. चार करा, चौदा करा, लहानमोठे करा, कोणी विचारत नाही. शेअर म्हणजे आपल्यातलं दुसऱ्याला देणं. त्यात देणाऱ्याची मर्जी आली. हाव्हमध्ये कुणाची मर्जी चालत नाही. भाग दोनच आणि दोन्ही सारखे. सारखे नसतील तर ती कापाकापी झाली." मग वाक्यं येतात. शी हाव्ह्ड द ऑरेंज. दे हाव्ह्ड द वर्क. पोरं माना डोलावतात, कारण तास संपला की टेबलावरचं संत्रं कोणाला तरी मिळणार असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या तासाला मिस्बाह नावाच्या एका चुणचुणीत मुलीनं हात वर केला. "मॅडम, दोन भाग केले, ठीक आहे. पण पहिला कोण उचलणार?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "ज्यानं कापलं त्यानं शेवटी घ्यायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या वरूडकडे शेताची वाटणी अशीच होते. मोठा भाऊ वाटे पाडतो, धाकटा आधी उचलतो. उरेल ते आपल्या नशिबी येणार हे मोठ्याला माहीत असतं, म्हणून तो केसभरही इकडचं तिकडे करत नाही. पोलीस नको, वकील नको. आहे की नाही शहाणपण?" पुढच्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या माहेरची वाटणी अशीच व्हायची होती, आणि त्या विचारानं ती आतून फुलली होती, हे वर्गाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मॅडमच्या या समसमानतेच्या वेडाची शिक्षकखोलीत भरपूर थट्टा होई. समोसा दोघींत खायचा तर मॅडम आधी तो फिरवून फिरवून बघणार, आणि मग जिथं बटाटा दोन्हीकडे सारखा जाईल तिथंच बोट खुपसणार. घरीही तोच कारभार. नवरा योगेश वीज कंपनीत. एक दिवस भांडी त्याची, एक दिवस हिची. "आमच्या घरी भांडणसुद्धा हाफ हाफ आहे," तो सांगे, "सुरुवात ती करते, माफी मी मागतो." मुलगी पिंकी आणि तिचा मोठा भाऊ यांच्यात केक कापायचा तर मोठ्यानं कापायचा आणि पिंकीनं आधी उचलायचा, हा कायदा होता.

हे वेड तिला कुठून लागलं, हे सांगायला फार खोल जायला नको. वरूडपासून चार किलोमीटरवर गोवर्धन नावाच्या माळ्याचा साडेतीन एकर संत्र्याचा बगीचा. त्याला दोन लेकरं, मनोज आणि त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी रूपाली. बाप दोघांच्या हातावर सारखं ठेवी. आई, माणिकबाई, मनोजला दुधाचा गिलास भरून देई आणि रूपालीला निम्मा. "त्याले राबा लागते," एवढंच तिचं म्हणणं. मनोज तेव्हा बारा वर्षांचा होता आणि गल्लीत गोट्या खेळण्यापलीकडे काहीही राबत नव्हता. पण आईला कोण बोलणार? रूपाली निम्मा गिलास पिऊन अभ्यासाला बसे. ती शिकली, मास्तरीण झाली, अकोल्याला गेली, आणि दरवर्षी भावानं पाठवलेली एक पेटी संत्री हेच काय ते तिचं माहेर उरलं.

गोवर्धन गेला तेव्हा तेरवीच्या दुसऱ्या दिवशीच मनोजनं कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. आमच्याकडे बहिणी यावर सह्या करतात, साडीचोळी घेतात, आणि डोळे पुसत म्हणतात की भाऊ सुखी तर माहेर सुखी. न करणारी बहीण म्हणजे भावाच्या ताटात माती कालवणारी. रूपालीनं कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी सही नाई करत, दादा."

"तुले काय कमी हाय का?"

"कमी नाई. पन मी बी बाबाचीच पोरगी हाओ ना?"

मला पैसा नको, असं ती म्हणाली असती तरी कोणी विश्वास ठेवला नसता. पण खरं तेच होतं. तिला बगीचा कसायचा नव्हता की विकायचा नव्हता. सातबाऱ्यावर बापाच्या नावाखाली आपलं नाव हवं होतं, भावाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. त्या घरानं तिला एकदा तरी पूर्ण गिलास भरून द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. गावात मात्र बोभाटा झाला. पगारवाली पोरगी भावाच्या तोंडचा घास ओढते म्हणून बायका नळावर तोंडं वाकडी करू लागल्या. चार महिने मनोज तिच्याशी बोलला नाही.

आणि मग एक दिवस त्याचा फोन आला. आवाजात साखर. "रुपे, तू म्हनते तेच बरोबर हाय. कायदा हाय, आपून कायले भांडाचं? मायनं आपला हक्क सोडला, आता आपून दोघंच. मी वाटे पाडतो, तू धाकटी हाय, तू उचल. मामाले बसवू मधात."

रूपाली रडली. योगेशला मिठी मारून रडली. योगेश व्यवहारी माणूस, त्यानं विचारलं, "एकाएकी कसा काय पाघळला?" तिला त्याचा राग आला. आपला भाऊ चांगला निघाला हे कोणाला सहन होत नाही, असं काहीसं ती बोलली, आणि त्या दिवशी माफी मागायची पाळी पुन्हा योगेशवर आली.

याच सुमाराला आईचे फोन वाढले. माणिकबाई मनोजच्या स्लॅबच्या घरातून निघून बगीच्यातल्या दोन टिनाच्या खोल्यांत राहायला गेली होती. सुनेशी पटत नाही म्हणे. "चहा बी मोजून देते," ती फोनवर सांगे. "तुह्या बाबाचं टिनाचं घर हाय म्हून डोकं टेकाले जागा तरी हाय. ते बी गेलं त कुठी जाऊ वं मी?" सत्तरीची बाई, श्रावणातला पाऊस, अंगावर गळणारं टिन. रूपालीला रात्री झोप लागेना. तिनं आईला अकोल्याला बोलावलं तर आई म्हणाली, "जावयाच्या दारात मरू का?"

कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, वाटणीचा दिवस ठरला. अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून मोर्शीमार्गे वरूड, असा एसटीचा पाच तासांचा प्रवास. वाटेत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की रस्त्याकडची पश्चिमेची बाजू उचलायची. गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत आपल्या झाडाखाली. शिक्षकाला रविवार एकच मिळतो.

बगीच्यात उत्तमराव मामा बाजेवर बसले होते. मनोजनं मधोमध चुन्याची रेघ मारून ठेवली होती. एकूण तीनशे ऐंशी झाडं, इकडे एकशे नव्वद, तिकडे एकशे नव्वद. विहीर सामाईक, पाण्याची पाळी चार-चार दिवस. पश्चिमेला रस्ता, तर पूर्वेला टिनाचं घर आणि बापानं रूपालीच्या लग्नानंतर लावलेला नवा तुकडा. नवी झाडं, जास्त आयुष्य. वाटे पाहून मामासुद्धा म्हणाले, "काटा लावून तोलल्यावानी केले रे मन्या."

रूपाली शिक्षिका होती, तिनं तपासल्याशिवाय पेपर कधी सोडला नव्हता. टेप धरून तिनं दोन्हीकडची लांबी-रुंदी मोजली. झाडं ओळीनं मोजली, दोनदा. ठिबकच्या नळ्या पाहिल्या. दोन्ही बाजूंच्या खोडांना कमरेपर्यंत ताजं बोर्डो लावलेलं होतं, मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर पांढरा लेप. पावसाळा संपला की सगळेच बगीचेवाले तो लावतात, रोग येऊ नये म्हणून. सगळी खोडं एकसारखी निळी-पांढरी दिसत होती. दादानं बाबांच्या झाडांची केवढी निगा ठेवलीय, असं तिला वाटलं.

तो लेप नखानं खरवडून खालची साल पाहायची असते. परका व्यापारी आला तर तो पाहतोच. पण सख्ख्या भावाच्या झाडाचं बोर्डो, मामाच्या देखत, खरवडणं म्हणजे भावाला तोंडावर चोर म्हणणं. वरूडात असं कोणी करत नाही. रूपालीच्या मनातही ते आलं नाही, आणि आलं असतं तरी तिचा हात उचलला नसता.

"उचल रुपे," मनोज म्हणाला.

ती पश्चिमेकडे वळली होती. तेवढ्यात तिची नजर टिनाच्या घराकडे गेली. दारात माणिकबाई बसली होती. पुढे तीन विटांची चूल, चुलीवर काळं पडलेलं भगुलं, आणि पदराची एक कड दातांत धरून ती लेकीकडे एकटक बघत होती. आपण रस्ता उचलला तर हे घर दादाच्या वाट्याला, म्हणजे वहिनीच्या ताब्यात जाणार. मग आई कुठे जाणार? रूपालीनं टेप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही न मोजता निवड केली.

"मले घराकडची बाजू दे, मामा."

मामांनी "शाबास" म्हटलं. मनोजनं मान खाली घातली. भावाचं मन भरून आलं असेल, असा तिनं अर्थ लावला. मास्तरणीला वाक्याचा अर्थ कळतो, माणसाचा कळेलच असं नाही.

पुढचे तीन-चार महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. सातबाऱ्यावर नाव चढलं. त्याची प्रत तिनं शिक्षकखोलीत सगळ्यांना दाखवली आणि पेढे वाटले, प्रत्येकाला बरोबर दोन. झाडांची देखरेख बापाच्या वेळचा जुना गडी देवमन याच्याकडे दिली. टिन बदलून घ्यायचं ठरवलं, आईसाठी गॅस घेतला.

गॅस घेऊन ती बगीच्यात गेली तर घराला कुलूप. आई मनोजच्या घरी परत गेली होती. वाटणीनंतर वीस दिवसांत. "थंडी लई वाजत होती," माणिकबाई म्हणाली, "अन् सुनबाई घ्याले आली होती बिचारी." बिचारी! रूपालीला खटकलं. पण सासूसुनेचं जुळलं हे चांगलंच झालं, असं म्हणून तिनं गॅस मनोजच्याच घरी ठेवला आणि पाच तास बसून अकोल्याला परत आली.

मार्चमध्ये देवमनचा फोन आला. "ताई, एकडाव येऊन पाहा. फोनवर नाई सांगत."

ती गेली तेव्हा चुन्याची रेघ कधीच पुसून गेली होती, पण तिची गरज नव्हती. रेघेच्या पश्चिमेला बगीचा हिरवागार होता आणि पूर्वेला पिवळा. पानं गळून शेंड्यांच्या काड्या झाल्या होत्या. देवमननं विळा घेतला आणि एका खोडावरचं बोर्डो खरवडलं. खालून तपकिरी डिंकाचे ओघळ निघाले. साल हातानं ओढली तर ती वीतभर सोलून आली आणि आतून आंबूस वास सुटला. त्यानं दुसरं झाड खरवडलं, तिसरं खरवडलं. सगळीकडे तेच.

"डिंक्या हाय," देवमन म्हणाला. "हा तुकडा खोलगट. चार महिने पानी मुरत नाई इथी. तीन वर्सांपासून हाय रोग. गोवर्धनभाऊ होते तवापासून. पाला हिरवा राह्यते तोवर खोड खरवडल्याबिगर समजत नाई."

"मंग मले तवा काहून नाई सांगतलं?"

देवमननं विळ्याला लागलेला डिंक गवतावर पुसला. "मीच लावलं बोर्डो, ताई. मनोजभाऊ म्हने, बहीन येऊन राह्यली, दोन हात जास्त लाव. मी मजूर मानूस. मले काय मालूम, तुमी हेच बाजू उचलसान? मले वाटलं, शिकेल हायत, रस्ता उचलतीन."

रूपाली तशीच तरातरा मनोजच्या घरी गेली. तो ओसरीत ट्रॅक्टरच्या पान्यांची पेटी उघडून बसला होता. तिला पाहून तो उठलाही नाही.

"दादा, तुले मालूम होतं."

"काय मालूम होतं? एकशे नव्वद, एकशे नव्वद. तूच मोजले दोनदा. मी वाटे पाडले, तू उचलला. म्या तुह्या हातात कोंबला का?"

"मेलेले झाडं मोजाले देल्ले तू मले!"

"मेले नोते तवा," मनोज म्हणाला, आणि मग त्याला तिच्या नजरेला नजर देणं जमेना. "मी त रेघ उभी मारनार होतो, रस्त्यापासून घरापर्यंत, आडवी नाई. दोघाईले चांगलं-वाईट सारखं आलं असतं. मायले इचार तू. मायनंच सांगतलं, आडवी मार म्हून."

माणिकबाई आतल्या खोलीत वर्षाचा गहू निवडत बसली होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं होतं, तरी सुपावरचे हात थांबले नव्हते. रूपाली तिच्यासमोर खाली बसली.

"खरं हाय का हे, माय?"

"त्याचं पोट त्याच्यावर हाय," माणिकबाई म्हणाली. "तुले महिन्याचा पगार हाय, नवऱ्याचा हाय. त्याचे चांगले झाडं गेले असते त त्यानं काय खाल्लं असतं? तुले नाव पाह्यजे होतं ना सातबाऱ्यावर? आलं ना नाव? नावाले काई डिंक्या लागत नाई."

म्हाताऱ्या बाईनं अर्धी गोष्ट खरीच सांगितली होती. आई लेकाच्या बाजूनं उभी राहणार हे रूपालीला जन्मापासून ठाऊक होतं. ते दुखणं जुनं होतं, अंगवळणी पडलेलं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती, आणि ती तिनं विचारली नसती तर फार बरं झालं असतं.

"पन मी रस्ता उचलला असता त? तो त उघड उघड चांगला होता. मी हेच बाजू उचलीन, हे तुले कसं मालूम?"

माणिकबाईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"म्हून त चार महिने त्या गळक्या टिनात राह्यली मी," ती म्हणाली. "सुनबाईचं अन् माह्यं कायचं भांडन? काईच नोतं. तू जमीन पाहून थोडी उचलशीन. तू मायले पाहून उचलशीन. मी जन्म देल्ला तुले, मले मालूम नसनार त कोनाले?"

आवाजात ना खंत होती ना वैर. भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं तसं ती सांगत होती. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, पण कुंपण निदान शेताच्या मायेचा उपयोग करून घेत नाही. रूपालीला ओरडावंसं वाटलं, सूप उधळून द्यावंसं वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. पदर सावरला आणि उठली.

"जेवून जाय," आई मागून म्हणाली. "भरीत केलं हाय."

ती न जेवता गेली. अमरावतीच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहत असताना तिनं देवमनला फोन लावला.

"सगळे झाडं तोडून टाक, देवमनभाऊ. जळन घेऊन जा."

"बरं. अन् त्या घराचं काय करू?"

"टिनं काढ. तुह्या गोठ्यावर टाक."

देवमन घुटमळला. "असं कसं, ताई? उद्या तुमची माय पुन्हा तिथी राहाले आली त?"

"नाई येत ते आता," रूपाली म्हणाली. "आता माह्याजवळून उचलाले काईच राह्यलं नाई."